शहराला लागूनच, बाथरूमसह

हॉटेल संयोजकांनी निवडलं होतं. ही गोष्ट त्या दिवशी इतक्या जणांनी इतक्या वेळा बोलून दाखवली, की सुरुवातीलाच सांगून मोकळं झालेलं बरं.

संयोजक हे काही त्यांचं नाव नव्हे. पण गल्लीतली पाण्याची टाकी धुवायची असो, ऑफिसची सहल काढायची असो, की कुणाच्या आजोबांना डोळ्यांच्या ऑपरेशनला न्यायचं असो, तोंडात शिट्टी नसतानाही शिट्टी वाजवल्यासारखं बोलत पुढे होणारा माणूस हाच. म्हणून लोक त्यांना संयोजक म्हणायला लागले आणि त्यांनीही ते फार मनावर घेतलं. त्यांच्या बायकोला सगळे बाई म्हणत, कारण त्या शाळेत इतिहास शिकवत. शाळा, स्वयंपाक आणि सासूबाईंचं लांबलेलं आजारपण सांभाळून बाईंनी जेवणाच्या टेबलाच्या एका कोपऱ्यावर वर्षानुवर्षं अभ्यास केला होता. विषय होता जुन्या शहरातल्या धान्यबाजाराची मापं. आता डॉक्टरेटची शेवटची तोंडी परीक्षा त्याच जुन्या शहरातल्या विद्यापीठात, सकाळी अकराला होती. परीक्षक लांबून आले होते आणि दुपारच्या गाडीने परत जाणार होते. ही तारीख हुकली, तर पुढची मिळायला वर्ष लागलं असतं. "आणखी एक वर्ष मी नाही हो धीर धरू शकणार," बाई म्हणाल्या होत्या, आणि त्या असं सहसा बोलत नसत.

"आदल्या दिवशीच जा आणि शहरात राहा. विद्यापीठाच्या दारात," मेहुण्यांनी फोनवर बजावलं होतं. मेहुणे म्हणजे बाईंचे थोरले भाऊ. मेहुण्यांनी उजवीकडे बोट दाखवलं, की डावीकडे काहीतरी उत्तम असणार अशी संयोजकांची जुनी खात्री होती. तेव्हा त्यांनी बरंच संशोधन करून (घरात संशोधन काही एकट्या बाईच करत नव्हत्या) एक हॉटेल शोधलं. जाहिरातीत लिहिलं होतं, 'ऐतिहासिक शहराला लागूनच. शांत परिसर. प्रत्येक खोली बाथरूमसह.'

तिथे पोचल्यावर लक्षात आलं, की शहर आणि हॉटेल एकाच रस्त्याला लागून आहेत, एवढाच त्याचा अर्थ. रस्ता लांबलचक होता. खोलीच्या खिडकीतून एक टायरचं गोदाम दिसे आणि गोदामाच्या छपरावरून, अंगठ्याच्या नखाएवढा, जुन्या शहराच्या वेशीचा बुरूज.

"दिसतंय ना शहर?" संयोजक म्हणाले.

"दिसतंय," बाई म्हणाल्या, आणि पुस्तक उघडून बसल्या. भांडायची शक्ती त्यांनी उद्यासाठी राखून ठेवली असावी.

सकाळी सगळं कसं आखल्याप्रमाणे चाललं होतं. चहा वेळेवर आला. गाडी सांगून ठेवली होती, ती येऊन खाली उभी राहिली. बाईंचं आवरून झालं. तोंड धुताना त्यांनी चष्मा काढून आरशाखालच्या फळीवर ठेवला होता, तो तिथेच राहिला. म्हणजे बाई बाहेर आणि चष्मा आत. मग संयोजक आत गेले आणि दार लागलं.

त्यांनी बादलीत नळ सोडला आणि साबण बॅगेत राहिल्याचं त्यांना आठवलं. तो आणायला त्यांनी दाराची मूठ फिरवली. मूठ हातात आली. नुसती मूठ. दार जिथल्या तिथे.

"अगं," संयोजक अगदी शांतपणे म्हणाले, "दाराची मूठ माझ्या हातात आलीये."

"मग उघडा ना."

"उघडायला ती दारात असावी लागते."

बाईंनी बाहेरून मूठ फिरवली. ती गोलगोल फिरली, पण फिरण्यापलीकडे तिचा कशाशी संबंध उरला नव्हता. संयोजकांनी आतून ढकललं, बाईंनी बाहेरून ओढलं. दार हललंसुद्धा नाही.

"माझा चष्मा आत आहे हो," बाई म्हणाल्या, आणि आवाज पहिल्यांदाच जरा कापला. चष्म्याशिवाय बाईंना समोरची आकृती हलली तर माणूस आणि नाही हलली तर कपाट, इतपतच कळे. दुसरा चष्मा घरी होता, कारण एका मुक्कामाला एक चष्मा पुरतो असा सामान भरताना संयोजकांचा हिशेब होता.

"घाबरू नकोस. मॅनेजरला बोलाव. असल्या गोष्टींची एक पद्धत असते."

पद्धत होती. मॅनेजर आला, त्याने दाराकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि म्हणाला, "साहेब, हे दार नवीन आहे."

"ते जुनं असतं तर बरं झालं असतं," आतून संयोजक म्हणाले.

"तसं नाही साहेब. हे दार अजून आमचं नाहीये. कंपनीने ट्रायलवर दिलंय. पसंत पडलं, तर सगळ्या हॉटेलला हीच दारं बसवणार."

"मला पसंत नाही."

"आपलं मत मालकांच्या कानावर घालतो. पण तोडता नाही येणार. तोडायचं तर कंपनीची परवानगी हवी. कंपनी म्हणणार, आधी मालकांना विचारा. मालक म्हणणार, गिऱ्हाइकाकडून लेखी घ्या."

"देतो की लेखी! आण कागद!"

"तुम्ही आत आहात ना साहेब. सही कशी करणार?"

आता हा प्रश्न मूर्खपणाचा होता की मुद्द्याचा, हे संयोजकांना ठरवता येईना. एरवी ऑफिसात ते स्वतः हेच विचारत. त्यांनी कागद दाराच्या फटीतून आत सरकवायला सांगितलं. कागद आत आला तो पोहत. कारण एव्हाना फरशीवर पाणी चढलं होतं.

नळ त्यांनी केव्हाच बंद केला होता, निदान बंद करायच्या दिशेला भरपूर फिरवला होता. पण तो नळही बहुधा ट्रायलवरचाच असावा. तो कुठल्याही दिशेला फिरवा, पाणी त्याच जोमाने पडत होतं. बादली भरून वाहायला लागली होती, आणि मोरीच्या जाळीतून पाणी जात नव्हतं, जावं की नाही याचा विचार करत होतं. घोटे बुडाले. दाराखालून एक ओघळ खोलीत शिरला आणि संयोजकांच्या उघड्या बॅगेकडे निघाला.

"सर, गालिचा!" मॅनेजर किंचाळला, आणि त्या सकाळी पहिल्यांदाच तो धावला. सगळ्या मजल्याचं पाणी त्याने वरून बंद केलं.

पाणी थांबलं. पण मजल्यावर इतरही माणसं अंघोळ करत होती. एकामागून एक दारं उघडली, आणि डोक्याला फेस, गालाला फेस, कानात फेस अशी मंडळी टॉवेल सावरत चौकशीला आली. पुढे होत्या सहलीवाल्यांच्या आत्या. एका मोठ्या सहलीबरोबर त्या आल्या होत्या, आणि त्या सहलीचा प्रमुख कुणी दुसराच असला तरी तो आत्यांना विचारल्याशिवाय शिंकत नसे. त्यांच्या केसांत शाम्पू होता आणि डोळ्यांत आग. त्यातली निम्मी शाम्पूमुळे.

"कोण आहे आत?" त्यांनी विचारलं.

"माझे मिस्टर," बाई म्हणाल्या. "आणि माझा चष्मा. आणि अकराला माझी परीक्षा आहे हो."

आत्यांनी डोळे पुसले. "कसली परीक्षा? या वयात?"

बाईंनी दोन वाक्यांत सांगितलं. मग आत्या वळून फेसाळलेल्या मंडळींना म्हणाल्या, "उभे काय राहिलात? काहीतरी सुचवा!"

आणि मंडळींनी सुचवलं. कुणी म्हणालं, फटीत पातळ कार्ड घाला. घातलं, ते आत पडलं. कुणी म्हणालं, केसांची पिन. पिनही आत गेली. थोड्या वेळाने संयोजकांजवळ बऱ्यापैकी सामान जमलं. कुणी म्हणालं, बिजागऱ्यांना तेल लावा. एका आजोबांनी सांगितलं, की त्यांच्या लहानपणी दारं अशी अडकत नसत, कारण दारंच नव्हती. त्यांना आत्यांनी परत पाठवलं.

शेजारच्या खोलीतले गादीवाले मात्र कृतीवर विश्वास ठेवणारे होते. गाद्यांचे नमुने घेऊन गावोगाव फिरणारे हे गृहस्थ स्वतःही नमुन्यासारखेच होते, रुंद आणि गुबगुबीत. "बाजूला व्हा," म्हणून ते खोलीच्या टोकापासून धावत आले आणि खांदा दारावर आदळला. इमारत हलली. दार नाही.

"साहेब," मॅनेजर अदबीने म्हणाला, "हे दार बाहेरच्या बाजूला उघडतं."

गादीवाले खांदा चोळत पलंगावर बसले. खाली गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. मग पुन्हा. मग बराच वेळ एक लांबलचक हॉर्न, आणि मग गाडी सुरू होऊन निघून जाण्याचा आवाज.

"गेला," खिडकीतून डोकावून कुणीतरी म्हणालं.

आत संयोजक घोटाभर पाण्यात उभे होते. फळीवर त्यांचं घड्याळ होतं आणि त्याच्या शेजारी बाईंचा चष्मा. घड्याळाकडे ते बघत नव्हते, तरी दिसत होतं. दारापलीकडून बाईंचा एक हुंदका त्यांना अगदी स्पष्ट ऐकू आला. बाई रडल्याचं त्यांनी आपली आई गेली तेव्हा ऐकलं होतं. त्यानंतर आजच.

"अगं ऐक," ते दाराला तोंड लावून म्हणाले. "तू जा."

"कशी जाऊ? मला अक्षर दिसणार नाही. आणि तुम्हाला असं टाकून?"

"मला काय झालंय? मी बाथरूममध्ये आहे, विहिरीत नाही. चष्मा मी बाहेर काढतो. फटीतून जाणार नाही, पण वर व्हेंटिलेटर आहे."

व्हेंटिलेटर म्हणजे छताजवळची झडपांची खिडकी, हॉटेलच्या मागच्या अंगणावर उघडणारी. माणूस जाईल एवढी नव्हती, चष्मा जाईल एवढी होती. संयोजक बादली रिकामी करून, ती पालथी घालून तिच्यावर चढले. दोन झडपा सरकवल्या. खाली अंगणात सहलीची बस उभी होती. खोली पहिल्या मजल्यावर होती, तरी बादलीवर उभ्या असलेल्या माणसाला पहिला मजलाही पुष्कळ उंच वाटतो.

सगळी वरात खाली अंगणात आली. तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. बाईंना नाव दिसत नव्हतं, म्हणून तो आत्यांनी घेतला. मेहुणे होते. विद्यापीठात पोचलात का, असं विचारत होते.

"ते कुठले पोचायला?" आत्या ओरडून म्हणाल्या. "ते व्हेंटिलेटरवर आहेत! ... हो, हो, सकाळपासूनच. ... शुद्धीवर आहेत की, बोलतायत. ... आता ठेवा, त्यांना चष्मा सोडायचाय." आणि त्यांनी फोन बंद केला.

याचा परिणाम पुढे व्हायचा तो झाला. त्या घडीला मात्र दोरीचा प्रश्न होता. बाथरूममध्ये दोरी नव्हती. म्हणजे तशी एक होती. संयोजकांनी इकडे तिकडे बघितलं, कुणी बघत नाही याची खात्री करून घेतली (बंद बाथरूममध्ये ही सावधगिरी जरा जास्तच होती), आणि पायजम्याची नाडी ओढून काढली. एका हाताने पायजमा आणि दुसऱ्या हाताने बायकोचं भविष्य धरून त्यांनी चष्मा नाडीला बांधला आणि झडपांमधून हळूहळू खाली सोडला.

नाडी लांब होती. पण नाडी म्हणून लांब होती, दोरी म्हणून नव्हे. चष्मा निम्म्यावर येऊन लोंबकळायला लागला, आणि वाऱ्याने भिंतीवर टक टक आपटू लागला.

"फुटेल हो!" खालून बाई ओरडल्या. त्यांना काही दिसत नव्हतं, पण टक टक ऐकू येत होतं.

"थांबा!" गादीवाले ओरडले. त्यांनी टेंपोतून एक नमुना ओढत आणला आणि बरोबर चष्म्याखाली अंथरला. "सोडा बिनधास्त. ह्या गादीवर मी वरून अंडं टाकून दाखवतो लोकांना. फुटत नाही."

"नक्की?"

"सोडा म्हणतो ना!"

संयोजकांनी डोळे मिटले. आयुष्यात त्यांनी कुठलीही गोष्ट अशी सोडून दिली नव्हती. मग त्यांनी बोटं उघडली.

चष्मा गादीवर पडला. फुटला नाही. पण गादीला स्प्रिंगा होत्या आणि गादीवाल्यांनी आजवर टाकलेली अंडी बहुधा उकडलेली असावीत. चष्मा पडला त्याच्या दुप्पट वेगाने, नाडीसकट, पुन्हा वर उडाला आणि फरसबंदीच्या दिशेने निघाला. सगळ्यांच्या तोंडून एकच आवाज निघाला. आत्यांनी अंगावरची शाल पसरली आणि त्या देहाच्या मानाने फारच चपळपणे एक पाऊल आडवं टाकलं. चष्मा शालीत पडला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आत्यांनी चष्मा पुसला, उजेडात धरून बघितला, आणि स्वतःच्या हाताने बाईंच्या नाकावर ठेवला. बाईंनी वर बघितलं. व्हेंटिलेटरच्या दोन झडपांमध्ये संयोजकांचा एक डोळा आणि अर्धी मिशी दिसत होती.

"अहो," बाई म्हणाल्या, "मी जाते."

"जा," डोळा म्हणाला. "नीट बोल. घाई करू नकोस. पाणी पी आधी."

"तुम्हीही पाण्यातून बाहेर या."

पुढचं संयोजकांना अर्धंमुर्धंच ऐकू आलं. गाडी गेली होती, त्या रस्त्याला दुसरी मिळेना. बसचा ड्रायव्हर म्हणत होता, की सहलीत आधी तलाव आहे, मग दुपारी जुनं शहर. "तलाव काय पळून जातोय?" हा आवाज आत्यांचा. "डोक्यातला शाम्पू वाळला तरी चालेल, बसा सगळे." मग पायांचे आवाज, दार आपटल्याचा आवाज आणि बसचा घरघराट. बस मागे आली, वळली, आणि तिचं छप्पर गोदामाच्या कोपऱ्याआड नाहीसं झालं. बाई तिच्यात चढल्या की नाही, हे मात्र शेवटपर्यंत दिसलं नाही.

संयोजक बादलीवरून उतरले. पायजमा मुठीत धरून बराच वेळ पाण्यात उभे राहिले. बाहेरून मॅनेजर सांगत होता, की कंपनीचा फोन लागलाय, पण ते म्हणतायत की दार अडकू शकत नाही. अडकलंच असेल, तर ते दार त्यांचं नसेल. तेव्हा दारावरचा नंबर वाचून सांगा. नंबर आतल्या बाजूला आहे.

"साहेब, जरा वाचता का?"

संयोजकांनी नंबर शोधला. खाली कोपऱ्यात, पाण्याच्या रेषेच्या जरा वर होता. ते वाकले, वाचायला तोंड उघडलं, आणि त्यांच्या मनात आलं, की या क्षणी ती तिथे एकटी जाऊन बसलेली असेल आणि आपण इथे नंबर वाचतोय. ज्या माणसाने बंद खिडकीसमोरही रांग मोडली नाही, रिकाम्या रस्त्यावरही सिग्नल तोडला नाही, त्या माणसाने मग एक पाऊल मागे घेतलं आणि सगळा जोर लावून दाराला लाथ मारली.

दार उघडलं नाही. पाय मात्र गेला. आरपार, गुडघ्यापर्यंत. आतून ते दार पुठ्ठ्याच्या खोक्यासारखं पोकळ होतं. गेला तासभर ज्याच्या भक्कमपणाचं कौतुक चाललं होतं, ते हेच.

बाहेर मॅनेजरसमोर अचानक एक पाय उगवला. "साहेब!" तो म्हणाला. "हा कुणाचा?"

"माझा! ओढा!"

"पण कंपनी..."

"ओढ म्हणतो ना!" हा आवाज संयोजकांनी स्वतःही आधी कधी ऐकला नव्हता.

अंगणातून परत वर आलेल्या गादीवाल्यांनी पाय धरला. मॅनेजरने गादीवाल्यांना धरलं. कुठल्याशा एका ओढीला कडाड् असा आवाज झाला, बिजागऱ्या सुटल्या, आणि आख्खं दार, त्यात अडकलेल्या संयोजकांसकट, पाण्याच्या लोंढ्यावर स्वार होऊन गादीवाल्यांच्या अंगावर आलं. हात-पाय कुणाचे कुठले हे ठरवून झाल्यावर मॅनेजर दारातल्या भोकाकडे बघत राहिला. त्याचा चेहरा हळूहळू खुलला.

"म्हणजे दार नापास झालं," तो म्हणाला. "आता मालकांना सांगता येईल."

संयोजकांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांची बॅग आतून बाहेरून भिजली होती. गादीवाल्यांनी स्वतःची एक पँट दिली. तिच्यात संयोजक दोनदा मावले असते, आणि बॅगेतला पट्टा शोधायला वेळ नव्हता. कंबरेशी मूठ आवळून ते टेंपोत चढले. पुढच्या सीटवर उशांचे नमुने होते. ते मांडीवर घेऊन ते बसले.

टेंपो हलतोय तोच फोन वाजला. ऑफिसातले मोठे साहेब होते. मेहुण्यांनी बाईंच्या काळजीपोटी जिथे जिथे कळवायचं तिथे तिथे कळवलं होतं.

"हॅलो," साहेब अगदी दबक्या, जड आवाजात म्हणाले. "मी त्यांच्या ऑफिसातून बोलतोय. आता कसं काय आहे?"

"सर, मीच बोलतोय."

"तुम्ही?" साहेब म्हणाले. "मग व्हेंटिलेटरवर कोण आहे?"

"मीच होतो सर. आता उतरलो."

साहेबांनी फोन ठेवला की त्यांच्या हातून पडला, हे कळायला मार्ग नव्हता.

रस्ता संपता संपेना. प्रत्येक वळणाला संयोजकांना वाटे, की पुढे बस बंद पडलेली दिसेल आणि बाई रस्त्यावर उभ्या असतील. बस दिसली ती वेशीबाहेर उभी, रिकामी. वेशीच्या आत गाड्यांना बंदी होती. रखवालदाराने टेंपोला काठी आडवी घातली.

"माल दुपारनंतर."

"मी माल नाही, नवरा आहे!" संयोजक ओरडले, मांडीवरच्या उशा त्यांनी रखवालदाराच्या हातात दिल्या आणि ते पळत सुटले. दगडी चढ, अरुंद गल्ल्या, दुकानांच्या पायऱ्या. ज्या शहराला लागून राहायचं म्हणून त्यांनी एवढा खटाटोप केला, त्यातलं त्यांनी त्या दिवशी काहीएक पाहिलं नाही. मागून गादीवाले धापा टाकत येत होते. दुखरा खांदा त्यांनी धरला होता, आणि संयोजकांनी पँट.

विद्यापीठाच्या पायऱ्यांवर शिपाई उभा होता. तो भांबावलेला दिसला. "आत जागा नाही," तो म्हणाला.

"तोंडी परीक्षा आहे ना इथे? धान्याची मापं?"

"तीच. एरवी परीक्षकांखेरीज चिटपाखरू नसतं. आज हॉल भरलाय."

संयोजक दारातून आत सरकले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. सगळ्या खुर्च्यांवर सहलीच्या टोप्या होत्या. टोप्यांखाली कुणाच्या कानामागे वाळलेला फेस दिसत होता. पलीकडे, व्यासपीठावर बाई उभ्या होत्या. चष्मा डोळ्यांवर होता. समोर परीक्षक बसले होते, त्यातले लांबून आलेले, बारीक आवाजाचे, बोलत होते. संयोजकांना तो आवाज मुळीच आवडला नाही. फारच गोड होता.

"तुम्ही म्हणता, व्यापारी दोन मापं ठेवत. घ्यायचं एक, द्यायचं दुसरं. ठीक. मग लोक एवढी वर्षं गप्प का बसले? दरबारात एकही तक्रार नाही. म्हणजे तुमचं अनुमानच चुकलं असं मी म्हटलं, तर?"

संयोजकांनी पँट आणखी आवळून धरली. उत्तर त्यांना माहीत असतं तर ते तिथूनच ओरडले असते. पण उत्तर त्यांना माहीत नव्हतं. गाड्या, ग्रंथालयं, मुक्काम, सगळं त्यांनी आखलं होतं. इथे आखण्यासारखं काही नव्हतं. बाईंनी समोरचा ग्लास उचलला आणि सावकाश पाणी प्यायल्या.

"गप्प बसले नव्हते, सर," त्या म्हणाल्या. "आपण तक्रार दरबारात शोधतो. ती घरात होती. बाजारातून आलेलं धान्य बायका घरी स्वतःच्या मापाने पुन्हा मोजत. बाजाराची मापं पुढे सरकारने वितळवली, घरची राहिली. ती मी पाहिलीत, हातात घेऊन. आतल्या बाजूला त्यांच्यावर खुणा आहेत. एकेका दुकानदाराची एकेक खूण. कोण किती मारतो, हे त्या घराला पक्कं माहीत होतं. लोक ओरडले नाहीत, त्यांनी दुकान बदललं. धान्यबाजार एका पेठेतून उठून दुसऱ्या पेठेत गेला, तो करामुळे गेला असं आजवर लिहिलं गेलंय. माझं म्हणणं, तो बायकांनी हलवला."

बारीक आवाजाच्या परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. ते मागे टेकले आणि शेजारच्यांकडे बघून त्यांनी भुवया उंचावल्या. संयोजकांना त्या भुवयांचा अर्थ लागेना. पण सहलीच्या मंडळींनी धडाधड टाळ्या वाजवल्या, आणि अध्यक्षांना टेबलावर थाप मारून सांगावं लागलं, की हा नाटकाचा प्रयोग नाही.

आणखी थोडं विचारणं झालं. बाईंचा आवाज आता स्थिर होता. शेवटी अध्यक्षांनी रिवाजाप्रमाणे, कुणी काही विचारणार नाही या भरवशावर, विचारलं, "श्रोत्यांपैकी कुणाचा प्रश्न?"

आत्यांचा हात वर गेला. अध्यक्ष चकित झाले. "विचारा."

आत्या उठून उभ्या राहिल्या. "मापांचं सगळं कळलं. छान सांगितलंत. माझं एवढंच विचारणं आहे, की यांचे मिस्टर बाथरूममधून निघाले का?"

हॉलमध्ये कुजबुज झाली. परीक्षक एकमेकांकडे बघू लागले. बाईंचा चेहरा एकदम उतरला. इतका वेळ त्यांनी तो प्रश्न मनाच्या तळाशी दाबून धरला असणार. त्या हॉलभर नजर फिरवू लागल्या आणि टोप्यांवरून ती नजर दारापाशी आली.

आता गप्प राहण्यात अर्थ नव्हता. संयोजकांनी डाव्या हाताने पँट घट्ट धरली आणि उजवा वर केला.

"निघालो," ते म्हणाले.

पहिल्यांदा बारीक आवाजाचे परीक्षक हसले. मग बाकीचे. मग आख्खा हॉल असा हसला, की बाहेरून शिपाई बघायला आला. संयोजकांना आपल्या प्रतिष्ठेचं काय झालं हे कळत होतं. पण व्यासपीठावर बाई टेबलाला धरून, चष्मा काढून, डोळे पुसत हसत होत्या, आणि त्यांना असं हसताना बघून किती वर्षं झाली होती, ते काही त्यांना आठवेना.

परीक्षक आत गेले आणि लगेचच बाहेर आले. एकमताने, असं अध्यक्ष म्हणाले. पुढचं टाळ्यांत बुडालं, आणि या वेळी त्यांनी टेबलावर थाप मारली नाही. आत्यांनी आधी बाईंना मिठी मारली आणि मग, हाताशी लागले म्हणून, अध्यक्षांना. गादीवाले डोळे टिपत परीक्षकांना सांगत होते, की चष्मा आपल्या गादीवर पडला म्हणून वाचला.

गर्दीतून वाट काढत बाई दारापाशी आल्या. संयोजकांनी अशा प्रसंगासाठी चार वाक्यं केव्हापासून तयार ठेवली होती. त्यातलं एकही आठवेना. बाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"अहो," डॉक्टर म्हणाल्या, "ही पँट कुणाची?"

"गादीवाल्यांची."

"सोडू नका," डॉक्टर हळूच म्हणाल्या, आणि त्यांचा रिकामा हात धरून त्यांना परीक्षकांची ओळख करून द्यायला घेऊन गेल्या.